‘त्रिमूर्ती’ शब्द नेमका कसा वापरावा

ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजे उत्पत्ती, स्थिती, लय. इथवर कुणी चुकत नाही. चूक होते ती वाक्यात. शब्द स्त्रीलिंगी आणि एकवचनी: ‘त्रिमूर्ती प्रकटली’. ‘त्रिदेव’ मात्र अनेकवचनी: ‘त्रिदेव प्रकटले’. तिघांचं एकत्र रूप सांगायचं तर त्रिमूर्ती, तीन स्वतंत्र देव सांगायचे तर त्रिदेव. ‘तिन्ही त्रिमूर्ती’ लिहिलंत तर नऊ देव झाले!

सुटा शब्द दीर्घ ‘त्रिमूर्ती’, पण समासात आधी आला की ‘ती’ ऱ्हस्व होते: त्रिमूर्तिपूजन. दत्ताच्या आरतीतला ‘त्रैमूर्ती’ पद्यात शोभतो, गद्यात नको.

तीन तोंडं दिसली की लगेच त्रिमूर्ती म्हणू नका, आधी हात पाहा. दत्ताच्या षड्भुज मूर्तीत रूढ ध्यानश्लोकाप्रमाणे खालच्या दोन हातांत माळ नि कमंडलू (ब्रह्मा), मधल्या दोहोंत डमरू नि त्रिशूळ (शिव), वरच्या दोहोंत शंख नि चक्र (विष्णू). अशी तिघांची खूण पटली की शब्द बिनधास्त वापरा.

घारापुरीचं भव्य शिल्प सर्रास ‘त्रिमूर्ती’ म्हणून ओळखलं जातं, पण अभ्यासक ते सदाशिवाचं मानतात: मध्ये शांत तत्पुरुष, एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला कोमल वामदेव. तिन्ही मुखं शिवाचीच. लेखात ‘त्रिमूर्ती म्हणून प्रसिद्ध असलेलं सदाशिवशिल्प’ लिहावं.

माणसांनाही शब्द चालतो. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर आणि श्यामा शास्त्री ही कर्नाटक संगीतातली त्रिमूर्ती. कट्ट्यावर उशिरा उगवणाऱ्या तिघांना ‘आली त्रिमूर्ती!’ म्हटलं, तर तो टोमणा.