हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत काम करताय? या चुका टाळा

सॉर्टिंगच्या टेबलाखाली आम्ही एक स्टीलची बादली ठेवायचो. मळक्या गाठोड्यांतून जी परकी वस्तू निघेल ती चिमट्याने उचलून बादलीत, आणि टोकदार असेल तर शेजारच्या पांढऱ्या डब्यात. शनिवारी बादली उपडी करून मोजदाद व्हायची. टॉवेल क्लिपा, आर्टरी फोर्सेप, ईसीजीचे चिकट तुकडे, चमचे, चार्जर, एखादी कवळी. एकदा तर उशीच्या अभ्र्यातून देवाचा टाक निघाला. ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, सिस्टर आपली अवजारं न्यायला यायच्या तेव्हा जरा ओशाळून हसायच्या. पांढरा डबा मागायला मात्र कधी कुणी आलं नाही.

पंधराएक वर्षं मी रुग्णालयांच्या लॉन्ड्रीत काढली, आता नव्या लोकांना शिकवतो. लॉन्ड्रीतल्या माणसाला आपण मशीनची बटणं शिकवतो आणि त्याला इजा होते ती बहुतेक वेळा मशीन सुरू व्हायच्या आधी, नाहीतर बंद झाल्यावर. खालच्या बऱ्याचशा चुका त्या दोन वेळांतल्या आहेत.

वॉर्डातच चादरी मोजणं

ठेका नगावर असतो, म्हणून हिशेब लागतो. सकाळी लॉन्ड्रीचा माणूस वॉर्डात येतो, वॉर्डबॉय, म्हणजे आमचा मामा, गाठोडं फरशीवर सोडतो आणि दोघं मिळून मोजायला बसतात. पंधरा चादरी, सात ड्रॉशीट (चादरीवर आडवं घालायचं कापड), नऊ अभ्रे. प्रत्येक चादर झटकायची, कारण एकात दुसरी गुंडाळलेली असू शकते. त्या झटक्यासरशी वाळलेलं रक्त, कातडीचे कण, जंतू सगळं हवेत उडतं आणि चार हातांवर कालच ऑपरेशन झालेला पेशंट झोपलेला असतो.

मळकं कापड वॉर्डात मोजायचं नाही आणि झटकायचंही नाही. खाटेवरच कडा आत घेत ते गुंडाळायचं, तिथेच पिशवीत टाकायचं, पिशवी पाऊण भरली की तोंड बांधायचं. रक्ताने किंवा इतर स्रावाने भिजलेलं कापड वेगळ्या, न गळणाऱ्या पिशवीत. हिशेब वजनावर ठेवा. नग मोजायचेच असतील तर धुऊन इस्त्री झाल्यावर, स्वच्छ बाजूला मोजा. "मग चोरी कशी धरणार?" हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी हमखास विचारतात. धुतलेल्याचा आणि वॉर्डाला वाटलेल्याचा आकडा आठवड्याला जुळवा, गळती कुठे आहे ते दिसतं. त्यासाठी कुणाला रक्तात हात घालायला लावू नका.

पिशवी छातीशी कवटाळून उचलणं, पाठीवर टाकणं, जागा व्हावी म्हणून हाताने किंवा पायाने दाबणं, ही याच चुकीची भावंडं. दाबणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नसतं.

सुई टोचली आणि बोट तोंडात गेलं

रात्रपाळीत माझ्यासमोर घडलेलं सांगतो. एका कामगाराने हिरव्या ड्रेपच्या (ऑपरेशनच्या वेळी पेशंटवर पांघरायच्या कापडाच्या) घडीत हात घातला, "आई गं" म्हणाला आणि लहान मूल करतं तसं बोट सरळ तोंडात घातलं. मग पिळून रक्त काढलं. मग कुणीतरी हायपोची, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनच्या ब्लीचची, बाटली पुढे केली. तिन्ही गोष्टी चुकीच्या, आणि तिन्ही त्याला कुणीतरी प्रेमाने शिकवलेल्या.

करायचं ते एवढंच: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट चोखायचं नाही, पिळायचं नाही, त्यावर हायपो किंवा स्पिरिट ओतायचं नाही. आणि लगेच, सकाळची वाट न बघता, कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्यतो २ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा भरवसा राहत नाही, आणि सुरू केली की ती २८ दिवस घ्यायची असतात. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास असते, म्हणून घाबरून घरी लपून बसू नका. खरी धास्ती कावीळ ब ची बाळगायला हवी. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर शंभरात सहापासून तीसपर्यंत धोका असतो.

आणि लस तर आहे. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती तयार झाली का ते बघायचं. नर्सना ती मिळते, डॉक्टरांना मिळते. लॉन्ड्रीतला ठेक्याचा माणूस कुणाच्या यादीत बसत नाही. हॉस्पिटल म्हणतं ठेकेदाराने द्यावी, ठेकेदार म्हणतो माणसं टिकतच नाहीत. भरतीच्या दिवशी पहिला डोस, हा नियम करारातच लिहून घ्या.

आणखी दोन गोष्टी. तपासणीचे पातळ हातमोजे घालून सॉर्टिंग करू नका, जाड रबरी हातमोजे हवेत. तेही सुई अडवतीलच असं नाही, म्हणून घडीत हात न खुपसता कापड टेबलावर कडेने उलगडायचं. आणि सुयांचा पांढरा, न भोसकला जाणारा डबा लॉन्ड्रीतही ठेवा. तो वॉर्डात असतो म्हणून इथे नको, असं समजणारे अधिकारी मी पाहिलेत.

डाग कसला ते न बघता हायपो ओतणं

रक्ताचा डाग पडलेलं कापड थेट कडक पाण्यात गेलं की रक्तातलं प्रथिन शिजतं आणि धाग्यात घट्ट बसतं. पहिलं पाणी थंडच हवं, गरम त्यानंतर. हे घरच्या बायकांना माहीत असतं, ऑपरेटरला नसतं.

तपकिरी डागांचा घोळ मात्र घरी बसून कळणार नाही. धुवायला गेली तेव्हा चादर पांढरी होती आणि धुऊन आली ती चहा सांडल्यासारखी, अशी तक्रार आली की लोक पाण्यावर, पावडरीवर, मशीनवर संशय घेतात. वॉर्डात क्लोरहेक्सिडिन वापरतात का ते आधी विचारा. हात धुवायला, ऑपरेशनआधी कातडी पुसायला ते सर्रास असतं आणि कापडाला चिकटून राहतं. तोवर डोळ्यांना दिसत नाही. त्यावर क्लोरीनचं ब्लीच पडलं की तपकिरी डाग उमटतो आणि तो पक्का. घाबरून पुन्हा हायपो टाकला की आणखी गडद. ओटी आणि आयसीयूच्या कपड्यांना क्लोरीनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं ब्लीच वापरा.

बेटाडिनचा डाग याहून वेगळा. तो धुण्याआधीपासून दिसतो आणि सोडियम थायोसल्फेटने जातो. नारिंगी, कडा स्पष्ट असलेला डाग बहुधा गंजाचा, म्हणजे एखादं अवजार गाठोड्यात ओलं पडून राहिलं होतं. त्याला ऑक्झॅलिक अॅसिड चालतं, हातमोजे घालून.

ठेचून भरलेलं मशीन

पन्नास किलोच्या मशीनमध्ये पासष्ट किलो कोंबलं की एक फेरी वाचते, असं वाटतं. ब्रिटनमधल्या रुग्णालयांचा नियम आहे की कापड ६५ अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटं किंवा ७१ अंशाला किमान ३ मिनिटं राहिलं पाहिजे, आणि उष्णता आतपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ त्यात वरून मिळवायचा. अमेरिकेतली सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था ७१ अंशाला २५ मिनिटं सांगते. कुठलाही आकडा पाळा, पण पॅनलवर दिसतं ते सेन्सरजवळच्या पाण्याचं तापमान असतं. ठेचून भरलेल्या ड्रमच्या मधोमध कापडाचा गोळा असतो, त्याच्या पोटात पाणी नीट पोहोचतच नाही. भरताना ड्रमच्या वरच्या भागात हात आडवा सहज जाईल एवढी जागा सोडा, आणि कापड सुकं असतानाच तोला. भिजलेल्या चादरींचं वजन करून "क्षमतेएवढंच भरलं" म्हणणारे उलटी चूक करतात. त्यांचं मशीन अर्धं रिकामं फिरतं.

मिनरल वॉटरच्या बाटलीतलं रसायन

लॉन्ड्रीतले सगळ्यात वाईट अपघात रसायनं उपसताना होतात. पन्नास लिटरचा कॅन जड, म्हणून कुणीतरी पाण्याच्या बाटलीत थोडं काढून ठेवतं. लेबल नाही. उन्हाळ्यात दुपारी बॉयलरशेजारी तहानलेला माणूस येतो. पुढचं लिहायला नको.

दुसरा प्रकार, हायपो आणि अॅसिड एकत्र येणं. शेवटच्या पाण्यात टाकायचं आम्लधर्मी न्यूट्रलायझर, संडास धुण्याचं अॅसिड, क्षार काढायचं अॅसिड, यांतलं काहीही हायपोत मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. एकाच मापाने आधी हे, मग ते मोजलं, तरी पुरे. डोळे झोंबायला लागले, खोकला आला, की माप हातातून ठेवून बाहेर मोकळ्या हवेत जायचं. ओला रुमाल तोंडाला बांधून आत शिरणं ही बहादुरी कामाची नाही. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो, त्यामुळे बाहेर पडताना वाकू नका. प्रत्येक रसायनाला वेगळं माप, वेगळा रंग, आणि नाव कामगाराला वाचता येईल अशा लिपीत. आमच्याकडे ओडिशाची, बिहारची मुलं असायची. त्यांच्यासाठी मी मापांवर चित्रं रंगवून घेतली होती.

कॉस्टिक सोडा विरघळवताना नेहमी पाण्यात कॉस्टिक घाला. कॉस्टिकवर पाणी ओतलं की ते उसळून तोंडावर येतं.

पेशंटच्या पाठीला खाज येते, चादर खरखरीत लागते, अशी तक्रार आली तर शेवटचं पाणी तपासा. ओल्या चादरीवर फिनॉल्फ्थेलिनचा थेंब टाका. गुलाबी झाला तर अल्कली उरली आहे, खळबळणं कमी पडलंय.

तेलकट टॉवेल आणि ड्रायर

आपल्याकडे आयुर्वेद रुग्णालयं पुष्कळ, आणि पंचकर्माचे टॉवेल धुणारी लॉन्ड्रीही बऱ्याचदा तीच. तेल एका धुण्यात पूर्ण जात नाही. उरलेलं तेल ड्रायरमध्ये तापतं, आणि टॉवेल गरमागरम बाहेर काढून घड्या घालून थप्पी लावली की उष्णता आतच कोंडते. तेलाचं ऑक्सिडेशन सुरू होतं, त्यातून आणखी उष्णता, आणि काही तासांनी, बहुधा कुलूप लावून सगळे घरी गेल्यावर, थप्पी आपोआप पेटते. कुठे ठिणगी नाही, शॉर्ट सर्किट नाही, म्हणून नंतर कारण सापडत नाही.

तेलकट कापड वेगळं धुवा, वास राहिला तर पुन्हा धुवा. ड्रायरचा शेवटचा थंड हवेचा टप्पा घाईत कापू नका. थप्पी लावण्याआधी टॉवेल पसरून निवू द्या. आणि जाळीवरचा कापूस प्रत्येक पाळीत काढा, कुठलंही कापड असलं तरी.

पावसाळ्यात "चालतंय की" म्हणणं

जुलैमध्ये चादर दमट राहते, तरी घडी घालून कपाटात जाते. ओल्या कापडात बुरशी वाढते, आणि ती फक्त वासापुरती राहत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये २००८-०९ साली मुलांच्या एका रुग्णालयात म्युकरच्या जातीच्या बुरशीने पाच मुलं दगावली, आणि ती चादरींमार्फत पोहोचली असावी असं तपासात दिसलं. हाँगकाँगमध्ये २०१५ साली अशाच संसर्गाचा माग धुऊन आलेल्या कपड्यांवरून थेट लॉन्ड्रीपर्यंत गेला. दोन्हीकडचे रुग्ण आधीच कमजोर प्रतिकारशक्तीचे. (कोविडनंतर आपल्याकडे पसरलेल्या म्युकरची गोष्ट वेगळी. तिथे मधुमेह आणि स्टेरॉइडचा हात मोठा होता.) त्यामुळे कापड कोरडं झाल्याशिवाय घडी नाही, कपाट भिंतीला चिकटवून नाही, आणि मळकं नेलेल्या ट्रॉलीतून धुतलेलं आणायचं नाही.

कॅलेंडरवर पदर

चादरी इस्त्री करणाऱ्या रोलरला आम्ही कॅलेंडर म्हणतो. त्यावर बहुतेक बायका काम करतात. चादर रोलरमध्ये वाकडी गेली की हात तिच्या मागे आपोआप जातो, विचार करायला वेळच नसतो. म्हणून पुढे सेफ्टी बार असतो, हात लागला की रोलर थांबायला हवा. मी जातो तिथे आल्याबरोबर तो बार दाबून बघतो. कुठे तो सुतळीने बांधलेला सापडतो, कारण सारखा लागतो आणि काम थांबतं. हायड्रोच्या (कपडे गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनच्या) झाकणाच्या स्विचवरही चुंबक चिकटवलेलं पाहिलंय. पाळी सुरू होताना दोन्ही तपासायचे, बांधलेलं दिसलं तर मशीन बंद. पदर कमरेला खोचून वर अॅप्रन, काचेच्या बांगड्या आणि मंगळसूत्र काढा म्हटलं की वाद होतो. मंगळसूत्र गळ्यालगत अॅप्रनच्या आत घट्ट ठेवायचं, यावर आमच्या मावश्या राजी झाल्या.

सह्या घेतल्या म्हणजे ट्रेनिंग झालं

तपासणी जवळ आली की एसीच्या खोलीत इंग्रजी स्लाइड दाखवतात, रजिस्टरवर सह्या घेतात, चहा-समोसा होतो. बदली कामगार आणि रात्रपाळी त्यात नसतातच. मी स्लाइड सोडून दिल्या. दोन चादरींना ओला गुलाल लावतो, एका गाठोड्यात लपवतो, आणि पाच जणांना नेहमीसारखं सॉर्टिंग करायला सांगतो. हातमोजे काढा, हात धुवा, चहा घ्या. मग सगळ्यांना एकमेकांकडे बघायला लावतो. गुलाल मनगटावर असतो, कपाळावर, मोबाइलवर, स्वच्छ बाजूच्या दाराच्या कडीवर. मागच्या वेळी एका मावशींच्या चहाच्या पेल्याच्या कडेवर दिसला. त्यांनी तो खाली ठेवला, आत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "परत लावा, परत करते."