बडोद्यात घर कसं घ्यावं: आधी पाणी, मग कागद, मग घर

कारेलीबागेत किंवा मांजलपुरात एखादं बरं टेनामेंट (स्वतंत्र बैठं घर) विकायला निघालं, तर दारावर पाटी लागायच्या आतच बहुतेक वेळा त्याचा सौदा झालेला असतो. मालक शेजाऱ्याला सांगतो, शेजारी आपल्या मेहुण्याला, आणि दलालाच्या कानावर येईस्तोवर टोकन दिलेलं असतं. अशा बाजारात माणूस धास्तावतो आणि घर आवडल्या आवडल्या पैसे काढून देतो. खरी घाई करायची ती घर दिसण्याआधी. वस्तीची पारख, बँकेची मंजुरी, वकील हे सगळं तयार असेल, तर घर समोर आल्यावर दोन दिवसांत होकार देता येतो आणि तो होकार आंधळा नसतो.

आकडा कागदावर मांडा

समजा घर ६० लाखांचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं कर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देता येतं, ३० ते ७५ लाखांचं ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढचं ७५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे इथे जास्तीत जास्त ४८ लाख. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली, तर महिन्याचा हप्ता साधारण ४१,६५० रुपये होतो. उरलेले १२ लाख आपले. शिवाय गुजरातेत स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के, म्हणजे २,९४,०००, आणि नोंदणी फी एक टक्का, म्हणजे ६०,०००. हा खर्च बँक किमतीत धरत नाही. दलाली, वकील, सोसायटीची ट्रान्सफर फी आणि रंगरंगोटी वेगळी. सोळा-सतरा लाख हाताशी नसतील, तर ६० लाखांची घरं बघूच नका; एकदा बघितली की मन मागे येत नाही.

घर फक्त बाईच्या नावावर असेल, तर गुजरातेत नोंदणी फी माफ आहे. सोबत नवऱ्याचं नाव घातलं की माफी गेली. पण कर्जाच्या व्याजावर आयकरात वजावट हवी असेल, तर मालकीत नाव लागतं. हप्ता कोण भरणार आणि वजावट कोण घेणार, हे घरात बसून आधीच ठरवा.

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर पाच टक्के जीएसटी लागतो. ४५ लाखांपर्यंतचा आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेटचा (भिंतींच्या आतली वापरायची जागा) असेल, तर एक टक्का. बी.यू. परवानगी (बिल्डिंग यूज, म्हणजे इमारत वापरायची परवानगी) मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही. दोन स्कीमची तुलना करताना हा फरक हमखास विसरला जातो.

वस्ती निवडताना नदी आणि रूळ

नकाशा उघडा आणि दोन रेषा ओढा, एक विश्वामित्रीची आणि दुसरी रेल्वेची. बडोद्यातला रोजचा त्रास बहुतेक या दोन रेषा ओलांडण्याचा आहे. नोकरी गोत्रीकडे, मुलांची शाळा कारेलीबागेत आणि आई-वडील दांडिया बाजारात असतील, तर रोज पूल किंवा गरनाळं (रुळांखालचा रस्ता) आलंच. अलकापुरीचं गरनाळं जोराच्या पावसात भरतं आणि बंद होतं, हे प्रत्येक बडोदेकराला ठाऊक आहे. म्हणून पसंत पडलेल्या वस्तीतून कामाच्या दिवशी सकाळी नऊ वाजता स्वतः निघून बघा. रविवारी दुपारी मोजलेल्या अंतराला अर्थ नाही.

रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी: इथे सगळं पायी होतं, म्हाताऱ्या माणसांना ओळखीची सोबत असते, गणपतीत घर भरलेलं असतं. गाडी ठेवायला मात्र जागा नाही, आणि जुन्या वाड्यांच्या कागदांचं पुढे सांगतोच. कारेलीबाग, फतेगंज, निझामपुरा इथल्या जुन्या सोसायट्यांना झाडं आहेत, रस्ते रुंद आहेत, स्टेशन आणि युनिव्हर्सिटी जवळ. पण विकायला निघणारी घरं थोडी. अलकापुरी, अकोटा आणि जुना पादरा रोड खिशाला जड. मांजलपूर, मकरपुरा, तरसाली हा दक्षिणेचा पट्टा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) नोकरी असलेल्यांना सोयीचा, आणि माझ्या मते मध्यम बजेटला आजही सगळ्यात समजूतदार. वाघोडिया रोड आणि आजवा रोडला त्याच पैशात मोठं घर मिळतं. हायवे रोज ओलांडावा लागेल का, तेवढं पाहा.

नव्या स्कीमची मोठी गर्दी पश्चिमेला, वासणा-भायली आणि गोत्री-सेवासीकडे आहे. भायली, सेवासी, बिल, वेमाली, उंडेरा ही गावं २०२० मध्ये महानगरपालिकेत आली. तिथे पहिला प्रश्न पाण्याचा विचारा: कॉर्पोरेशनची लाइन सोसायटीत प्रत्यक्ष आली आहे की सगळं बोअरवर चाललंय? ड्रेनेज जोडलंय की खाळकुवा (शोषखड्डा) आहे? ‘लवकरच येणार’ हे उत्तर ‘नाही’ म्हणून लिहून घ्या. बुलेट ट्रेनचं स्टेशन किंवा विमानाचा कारखाना दाखवून भाव सांगितला, तरी नळाला आज पाणी येतं का, हाच प्रश्न पुन्हा विचारा. उंडेरा, बाजवा, कोयली ही बाजू रिफायनरीची आहे. तिकडचं घर रात्री जेवण झाल्यावर एकदा बघा. हवेचा वास दिवसा कळत नाही.

पुराचं पाणी कुठवर आलं होतं

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. ३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात जवळपास वीस इंच पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ अखेर काळा घोडा पुलाजवळच्या मापावर विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, फतेगंज, अकोटा, मुजमहुडा, कारेलीबाग, वडसर अशा भागांत घरांत पाणी शिरलं. नदी पावागडच्या डोंगरातून येते, वर आजव्याच्या सरोवराचं पाणी तिला मिळतं. त्यामुळे शहरात पाऊस थांबल्यावरही पातळी चढत राहते. शिवाय नदीपासून लांब असलं म्हणजे सुटलो, असं नाही. भुखी कांस, रूपारेल कांस असे पावसाळी नाले शहरभर आहेत. कांसेवर भराव झाला की पाणी तिच्या काठच्या सोसायटीत वळतं.

एकाच वस्तीत एक गल्ली कोरडी आणि पुढची गळ्यापर्यंत बुडालेली, असं होतं. त्यामुळे ‘कारेलीबाग बुडतं’ किंवा ‘समा नको’ असली सरसकट वाक्यं निरुपयोगी आहेत. गल्ली तपासा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा आणि सरळ विचारा, “काका, २०२४ मां पाणी क्यां सुधी आव्युं’तुं?” दुकानदार भिंतीवर हात ठेवून दाखवतो. तोच प्रश्न इस्त्रीवाल्याला आणि सोसायटीच्या वॉचमनला विचारा. विकणाऱ्याला शेवटी.

मग इमारतीकडे नीट बघा. पार्किंगच्या खांबांना खालच्या चार फुटांपर्यंतच नवा रंग आहे आणि वर जुना, असं का? विजेच्या मीटरची पेटी छातीच्या वर हलवली आहे आणि खाली जुन्या स्क्रूची भोकं दिसतात का? पाण्याचा पंप जमिनीवर आहे की ओटा बांधून उंचावर? टेनामेंट असेल, तर खालच्या खोलीतलं कपाट थोडं सरकवून मागची भिंत बघू द्या म्हणावं. पोपडे आणि पांढरा क्षार तिथे सापडतो. घराचं जोतं रस्त्यापेक्षा खाली गेलंय का, तेही पाहा, कारण रस्ता दर डांबरीकरणात चढतो आणि जुनं घर तिथेच राहतं.

अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावरचं घर कोरडं राहील, पण लिफ्ट, मीटर आणि गाड्या खालीच असतात. २०२४ मध्ये वरच्या मजल्यांवरची माणसंही वीज आणि पिण्याच्या पाण्याविना अडकली होती. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल, तर हे आधी धरा. शक्य असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या पावसानंतर त्या गल्लीत जाऊन या.

कागद: पहिल्या भेटीतच झेरॉक्स मागा

घर आवडलं की त्याच भेटीत मागा: मालकाचा दस्तावेज (खरेदीखत) आणि इंडेक्स (त्याच्या नोंदणीचा उतारा), त्याआधीचे साखळीतले दस्तावेज, रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) आणि मंजूर नकाशा, बी.यू. परवानगी, वेऱ्याची (घरपट्टीची) शेवटची पावती, लाइट बिल, आणि सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट. जो मालक कागद दाखवायला टोकन मागतो, त्याच्याकडून चहा पिऊन निघावं.

हे कागद आपल्या वकिलाकडे द्यावेत. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. साधारण तीस वर्षांचा सर्च करून घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. नव्या वस्तीत वकिलाला जमीन एन.ए. (बिनशेती) आहे का, टी.पी. स्कीममध्ये (नगररचना योजनेत) फायनल प्लॉट कुठला पडला, आणि सातबाऱ्यावर ‘नवी शरत’ (सरकारी अटींवर दिलेली जमीन) आहे का, हे तपासायला सांगा. नवी शरतेच्या जमिनीवर सरकारी प्रीमियम भरल्याशिवाय व्यवहार मोकळा होत नाही.

जुन्या शहरातल्या वाड्याचं प्रकरण वेगळं. आजोबांच्या नावावरचा वाडा, त्यांना चार मुलं, दोन मुली, त्यातली एक पुण्यात, एक वारलेली आणि तिची मुलं परदेशात: हे चित्र दांडिया बाजारात घरोघरी आहे. तलाठ्याचा पेढीनामा (वंशावळ) मागा आणि त्यात मुलींची व त्यांच्या वारसांची नावं आहेत ना, हे बोट ठेवून वाचा. प्रत्येक वारसाची सही किंवा नोंदवलेलं हक्कसोडपत्र नसेल, तर थांबा. खालच्या मजल्यावर पागडीचा भाडेकरू असेल, तर त्याचा प्रश्न मालकाने दस्तावेजाआधी सोडवायचा, नंतर नव्हे. शिवाय शहराचे काही भाग अशांत धाऱ्याखाली (दंगलप्रवण भागांतल्या मालमत्ता व्यवहारांचा कायदा) अधिसूचित आहेत. तिथे खरेदीआधी कलेक्टरची परवानगी लागते आणि तिच्याशिवाय केलेला व्यवहार टिकत नाही. त्याला वेळ लागतो, तो बानाखतात (खरेदीआधीच्या करारात) धरा.

नव्या स्कीमसाठी गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) वेबसाइटवर नोंदणी क्रमांक घालून बघा. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत घरं, अशा लहान स्कीम सोडल्या, तर नोंदणी बंधनकारक आहे. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ताबा मिळाल्यावर पाच वर्षं बांधकामातला दोष त्याने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. भाव सुपर बिल्टअपवर (भिंती, जिना, लिफ्ट अशी सामायिक जागा धरून) सांगितला, तर कार्पेटवर भागून घ्या. दोन स्कीमची खरी तुलना तेव्हाच होते.

सौदा आपल्याकडे वळवताना

बँकेचं मंजुरीपत्र खिशात असलेला ग्राहक मालकाला दोन लाख जास्त बोलणाऱ्यापेक्षा बरा वाटतो, कारण सौदा तुटण्याची त्याला भीती असते. त्याची अडचण विचारा. मुलीची बोर्डाची परीक्षा असेल, तर ताबा एप्रिलमध्ये घेऊ म्हणा. नवीन घराचे पैसे भरायचे असतील, तर बानाखताची रक्कम त्या तारखेला जुळवा. भाव वाढवण्याआधी या गोष्टी देऊन बघा.

वेळेचाही विचार करा. नवरात्र, दसरा, धनतेरस, अक्षय्य तृतीया या दिवसांत बुकिंगला झुंबड उडते. पितृपक्षात आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतच्या कमुरत्यात (शुभकार्य टाळायच्या महिन्यात) बाजार शांत असतो. तेव्हा घरं बघा, घासाघीस करा आणि मुहूर्तावर सही करा. आणि सगळ्यांना सांगून ठेवा: भाजीवाली मावशी, मंडळातली माणसं, मुलांच्या शाळेतले पालक. पाटी न लागणारी घरं अशीच कळतात.

टोकन लहान द्या, चेकने द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की टायटल क्लिअर नसेल किंवा कर्ज मिळालं नाही तर रक्कम ठरल्या दिवसांत परत. काही भाग रोख द्या, असं सुचवलं जाईल. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे. शिवाय दस्तावेजात किंमत कमी लिहिली की कर्ज कमी मिळतं आणि उद्या विकताना नफा फुगून कर वाढतो. स्टॅम्प ड्युटीही तेवढी वाचत नाही, कारण ती जंत्री (सरकारने ठरवलेला भाव) आणि सौद्याची किंमत यातल्या मोठ्या आकड्यावर लागते, आणि १५ एप्रिल २०२३ पासून जंत्रीचे दर जमिनीसाठी दुप्पट आणि राहत्या फ्लॅटसाठी १.८ पट झाले.

दस्तावेज आणि नंतर

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरात मालकाला देताना एक टक्का टीडीएस कापून आपणच भरायचा असतो. ६० लाखांवर ६०,०००. सोसायटी ट्रान्सफर फी म्हणून मनाला येईल तो आकडा सांगते, पण गुजरात सरकारने त्यावर व्यवहाराच्या अर्धा टक्का किंवा एक लाख, यात जे कमी असेल ती मर्यादा घातली आहे. आपल्या उदाहरणात ३०,०००. दस्तावेजाच्या दिवशी सकाळी घरात शेवटची फेरी मारा: ठरलेले पंखे, गिझर, माळ्यावरची टाकी जागेवर आहेत ना.

मग शेअर सर्टिफिकेट, वेरा बिल, लाइट मीटर आणि गॅसवर नाव चढवा. मूळ कागद बँकेकडे जमा करताना प्रत्येक कागदाची यादी बँकेच्या शिक्क्यासह घ्या आणि सगळ्याची स्कॅन प्रत घरी ठेवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ते कागद परत करणं बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. यादी हातात असेल, तर मागणं सोपं जातं.