प्लॉटवरचं मैदानाचं आरक्षण कसं उठलं: माझा अनुभव

आमच्या वडिलोपार्जित प्लॉटवर विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण होतं. नगरपरिषद जागाही घेईना आणि बांधकाम परवानगीही देईना. परिषद छोटी असली तरी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार नियोजन प्राधिकरण तीच, त्यामुळे तोंडी विनवण्यांचा उपयोग नसतो. मार्ग कलम १२७ चा. आराखडा अंमलात येऊन १० वर्षांत संपादन झालं नाही, तर ‘जागा घ्या, नाहीतर आरक्षण सोडा’ अशी नोटीस मालक देऊ शकतो.

आधी झोन दाखला (जागा आराखड्यात कोणत्या वापरासाठी दाखवलीय त्याचा दाखला) आणि भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या जागेपुरता नकाशा) काढला (रंगीत प्रतच मागा, काळ्या-पांढऱ्या प्रतीत आरक्षणाचा रंग कळत नाही). सातबारा, मोजणी नकाशा जोडून नोटीस आवक विभागात दिली. पोचेवरचा शिक्का आणि तारीख जिवापाड जपा, संपादनाची कार्यवाही करायला परिषदेला मिळणारी २४ महिन्यांची मुदत तिथूनच मोजतात.

मुदत संपत आली तसं पत्र आलं, सभेने संपादनाचा ठराव केलाय म्हणून. पण नुसता ठराव म्हणजे संपादनाची कार्यवाही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलंय. उत्तरात तेवढंच लिहिलं. पुढे आरक्षण व्यपगत झाल्याचा (म्हणजे संपुष्टात आल्याचा) आदेश राजपत्रात आला आणि शेजारच्या जमिनीप्रमाणे रहिवासी वापर लागू झाला.