जुनी कचेरी वाचताना कौलांपासून सुरुवात करू नका

बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातली एखादी कोर्टकचेरी किती जुनी, हे ठरवताना नजर पहिल्यांदा छपरावर जाते आणि अंदाज तिथंच चुकतो. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं 1865 साली मंगळूरला काढला. कौलावर कारखान्याची छाप सापडली, तरी ते कौल त्यानंतरचं एवढंच कळतं. भिंत त्याआधीची असू शकते. कौलं फुटतात आणि बदलतात, म्हणून आवारात पडलेल्या सगळ्या तुकड्यांच्या छापा लिहून घ्या.

सुरुवात जोत्यापासून करा. बेळगाव-खानापूरकडे जांभ्याचे चिरे सहज मिळत, काळा दगडही वापरत. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत टेप लावून मोजा. बाहेरून मोजलेली लांबी इथं कामाची नाही. एका खोलीची भिंत दोन फूट आणि शेजारच्या खोलीची नऊ इंच निघाली, तर दुसरी बहुधा मागाहून जोडलेली. खात्रीसाठी दोन्ही भिंती मिळतात तो कोपरा बघा: एकाच वेळच्या कामात दगड एकमेकांत अडकवलेले असतात, जोडकामात वरपासून खालपर्यंत सरळ भेग दिसते.

गिलावा खरवडू नका. जिथं आधीच निघालाय तिथंच खिळ्यानं हलकं घासा. चुन्याचा असेल तर पांढरट भुकटी सुटते, सिमेंटचा कठीण आणि करडा लागतो. व्हिनेगर टाकायची युक्ती भरवशाची नाही. हवेत राहिलेल्या सिमेंटवरही बुडबुडे येतात. जांभ्यावर सिमेंट थापलेलं दिसलं तर ते मुद्दाम नोंदवा. जांभा पाणी शोषतो, चुन्यातून ते सुकून जातं. सिमेंट ते आत अडवतं. मग पावसाळ्यानंतर गिलावा फुगतो, सुटतो आणि सोबत चिऱ्याचा पापुद्राही घेऊन येतो. जोत्यालगतची ओल बहुतेक यामुळेच वर चढते.

दारांवर दगडी कमान आहे की सपाट काँक्रीटची पट्टी, तेही बघा. बंद केलेला व्हरांडा ओळखायला सोपा: खांबांमधली भिंत पातळ असते आणि कमानीची वळणं गिलाव्याखाली उठून दिसतात. लोखंडी तुळईवर अनेकदा कारखान्याचं नाव असतं, पण रंगाच्या थरांखाली. बॅटरी आडवी धरली की अक्षरं वाचता येतात.

कोनशिलेवरचं साल विस्ताराचं किंवा दुरुस्तीचंही असू शकतं, म्हणून कागद लागतातच. बेळगाव 1818 साली इंग्रजांकडे गेलं, 1836 साली धारवाडपासून वेगळा जिल्हा झाला आणि 1956 पर्यंत, आताच्या कर्नाटकात जाण्याआधी, मुंबईकडे होतं. जुन्या नकाशांचा शोध बेंगळुरूपुरता ठेवू नका, मुंबईच्या पुराभिलेखागारातही, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या दप्तरातही, विचारा. तिथं ‘बेळगावी’ नव्हे, ‘बेळगाव’ या नावाखाली बघा. जुन्या कागदांत मोडी लिपी लागली तर वाचणारा सोबत हवा.

कोर्टाच्या आवारात फोटो आणि मोजमापाला आधी लेखी परवानगी घ्या आणि सुटीचा दिवस मागा. जुन्या नकाशात आजच्यापेक्षा खोल्या कमी निघाल्या, तर आपल्या आराखड्यावर कोपऱ्यातली ती सरळ भेग लाल पेन्सिलीनं काढा: जुनी इमारत बहुधा तिथंच संपते.