पेशी सरकल्या म्हणजे कर्करोग पसरला का? प्रयोगशाळेत या चुका टाळा

पेशींचा सलग थर वाढवायचा, पिपेटच्या टोकाने त्यात चरा ओढायचा आणि तो किती वेळात बुजतो ते पाहायचं. कर्करोगाच्या पेशींची हालचाल तपासायची ही सर्वांत सोपी पद्धत, आणि घोटाळाही इथेच सर्वांत जास्त होतो. चरा पेशी सरकल्याने बुजतो, तसाच त्यांची संख्या वाढल्यानेही बुजतो. औषधाने पेशी मेल्या किंवा त्यांची वाढ मंदावली, तरी तो उघडाच राहतो. मग 'औषधाने स्थलांतर रोखलं' कशावरून म्हणायचं? म्हणून मायटोमायसिन सी देऊन विभाजन थांबवा, नाहीतर सीरम (पेशींना वाढायला लावणारा रक्तातला द्रव) कमी करा. पेशी दुप्पट व्हायच्या आत निरीक्षण संपवा. आणि त्याच मात्रेत किती पेशी जगतात, हे वेगळं मोजा. ही शेवटची चाचणी सर्रास गाळली जाते, ती गाळू नका.

सरकणं वेगळं, घुसणं वेगळं. 8 मायक्रॉन छिद्रांच्या नुसत्या पडद्यातून पेशी पलीकडे गेली तर ते स्थलांतर. पडद्यावर मॅट्रिजेलचा (पेशींभोवतीच्या प्रथिनांच्या जाळ्यासारख्या जेलचा) थर असेल तर तिला ते जाळं विकरांनी कापत वाट काढावी लागते, ते आक्रमण. मॅट्रिजेल गरम झालं की लगेच घट्ट होतं, त्यामुळे पिपेटची टोकंसुद्धा बर्फात गार करून घ्या. नाहीतर थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो. तुलनेसाठी शेजारी बिनथराचा पडदा हवाच. मोजणीआधी वरच्या बाजूला राहिलेल्या, पलीकडे न गेलेल्या पेशी पुसल्या नाहीत तर आकडा खोटा येतो.

पेशी नक्की कुठल्या, हेही तपासा. एमडीए-एमबी-435 ही सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवला जाणारा पेशींचा वंश) वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. पुढे ती एम14 या मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या, पेशींशी जुळली. तिच्या जोरावर स्तनाच्या कर्करोगाच्या प्रसाराबद्दल काढलेले निष्कर्ष त्यामुळे डळमळले. कामाच्या सुरुवातीलाच पेशींची ओळख पटवणारी डीएनएची एसटीआर चाचणी करा, मायकोप्लाझ्माची (पेशींना नकळत लागणाऱ्या जिवाणूची) तपासणी ठरावीक काळाने करत राहा.

पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन घटलं आणि सरकत्या पेशींत आढळणारं व्हिमेंटिन वाढलं, एवढ्यावरून पेशी 'पसरणारी' ठरवू नका. उंदरांवरच्या प्रयोगांत ई-कॅडहेरिन टिकवून ठेवलेल्या पेशींनीही दूरच्या अवयवांत गाठी केल्या आहेत. रक्तप्रवाहात तग धरणं आणि परक्या अवयवात रुजणं थाळीतल्या चऱ्यात दिसत नाही. कर्करोग पसरतो असा दावा करायचा असेल तर प्राण्यांमधला पुरावा जोडा.