टोकण यंत्राची चकती फ्रीकॅडमध्ये कशी बनवावी

तिफणीने पेरणी करताना चाड्यावर मूठ धरणारं माणूस कसलेलं लागतं. बोटांच्या फटीतून बी किती सुटतं, यावर सगळं अवलंबून. हाताने ढकलायच्या एकचाकी टोकण यंत्रात ही मूठ म्हणजे एक चकती. पेटीतलं बी चकतीच्या कडेवरच्या खाचेत एकेक बसतं, चाकाबरोबर चकती फिरते, खाच खाली आली की बी नळीतून सरीत पडतं. यंत्राबरोबर तीन-चार चकत्या मिळतात, पण आपल्या वाणाचा दाणा त्यातल्या एखादीत नीट बसेलच असं नाही. लहान खाचेत बी शिरत नाही, मोठ्या खाचेत दोन-दोन जातात.

अशी चकती स्वतः काढून थ्रीडी प्रिंट करून घेता येते. कॅड, म्हणजे संगणकावर वस्तू मापात काढणं, शिकायचं म्हणून लोक पहिल्याच दिवशी रोबो काढायला बसतात. माझं मत विचाराल तर ही तळहाताएवढी चकती त्याहून जास्त शिकवते, कारण तिच्यातलं प्रत्येक माप कशावरून तरी ठरलेलं असतं.

इथे उदाहरण मक्याचं घेतलं आहे, दोन रोपांत २० सेंटीमीटर. सॉफ्टवेअर फ्रीकॅड. ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेली १.० किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या.

संगणक उघडण्याआधी

पेरायचं आहे त्याच पिशवीतले ५० दाणे घ्या. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येकाची लांबी, रुंदी आणि जाडी मोजून वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, तरी टाळू नका. मी पहिल्यांदा दहाच दाणे मोजले, त्यांची सरासरी काढली आणि त्या मापाची खाच केली. मोठे दाणे त्या खाचेत शिरेनात, आणि ते वरच अडकून राहिल्यामुळे मागच्यांचीही वाट अडली. सरासरी इथे कामाची नाही. आपल्याला सर्वात मोठं आणि सर्वात लहान माप हवं. समजा मोठा दाणा ११.२ मिलिमीटर लांब, ९ रुंद, ५ जाड निघाला आणि सर्वात लहान दाण्याची रुंदी ७.५, जाडी ३.५ भरली.

बीजप्रक्रिया करून पेरणार असाल तर प्रक्रिया केलेलंच बी मोजा, हातमोजे घालून. औषधाच्या थराने दाणा किंचित फुगतो, आणि एकमेकांना चिकटतोही.

आता चाक. व्यास मोजून पायने, म्हणजे ३.१४ ने, गुणलं की घेर मिळतो. ३८ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाचा ११९.४. पण हा घेर फरशीवरचा. भुसभुशीत रानात चाक थोडं घसरतं, म्हणजे न फिरताच पुढे सरकतं. म्हणून चाकाला खडूची खूण करा, नांगरलेल्या रानात बरोबर १० फेरे ढकलत न्या आणि चाललेलं अंतर टेपने मोजा. समजा ते १२.५ मीटर आलं. मग तुमच्या रानापुरता घेर १२५ सेंटीमीटर. चकती चाकाच्याच दांड्यावर बसवलेली असेल तर १२५ भागिले २०, म्हणजे ६.२५. पाव खाच पाडता येत नाही, तेव्हा ६ खाचा, आणि प्रत्यक्ष अंतर २०.८ सेंटीमीटर. चालेल.

मापांचा तक्ता आधी, चित्र नंतर

फ्रीकॅड उघडून थेट वर्तुळ काढायला जाऊ नका. आधी 'स्प्रेडशीट' वर्कबेंच (एका कामाच्या अवजारांचा संच) घ्या, नवा तक्ता करा. त्यात घेर, रोपांतलं अंतर, बीची कमाल लांबी, रुंदी, जाडी, चकतीचा व्यास आणि दांड्याचा व्यास लिहा. प्रत्येक चौकटीला टोपणनाव द्या. ते इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता. मग खालच्या चौकटी सूत्रांनी भरा:

खाचांची संख्या म्हणजे घेर भागिले अंतर, जवळच्या पूर्णांकात.
खाचेच्या तळाची लांबी म्हणजे कमाल लांबीच्या १.१ पट, इथे १२.३ मिलिमीटर.
खाचेची रुंदी (चकतीच्या जाडीच्या दिशेने) आणि खोली याच हिशेबाने ९.९ आणि ५.५.
कडेशी खाचेचं तोंड तळापेक्षा २ मिलिमीटर मोठं, म्हणजे बी अडकणार नाही.

दहा टक्के सैल का? तेवढी मोकळीक असली की दाणा आडवातिडवा आला तरी घरंगळून बसतो. आणि एका खाचेत दोन बसतील का, तेही इथेच ताडून पाहता येतं. लहानात लहान दोन दाणे शेजारी ठेवले तर १५ मिलिमीटर होतात, ते १२.३ मध्ये मावत नाहीत. एकावर एक बसले तर ७ मिलिमीटर. वरचा दीड मिलिमीटर बाहेर डोकावतो आणि चकतीच्या कडेला टेकलेल्या ब्रशने झाडला जातो.

चकतीचा व्यास १०० मिलिमीटर धरला आहे. मोठी चकती घ्यावीशी वाटते, पण ताशी अडीच किलोमीटरने चाललं तरी सेकंदाला साडेतीन दाणे पडायला हवेत. चकती जितकी मोठी तितकी तिची कड वेगाने पळते आणि खाचेत उतरायला दाण्याला तितका कमी वेळ मिळतो. १०० च्या चकतीची कड या वेगाला सेकंदाला सुमारे १७ सेंटीमीटर सरकते.

चकती काढणं

पूर्ण चकती एकाच तुकड्यात छापायला गेलं तर खाचेच्या वरची भिंत हवेत छापावी लागते आणि लोंबते. त्यापेक्षा चकतीचे जाडीत दोन सारखे अर्धे करा आणि ते स्क्रूने जोडा. काढायचा एकच, छापायचे दोन.

'पार्ट डिझाइन' वर्कबेंचमध्ये नवीन बॉडी घ्या. एक्स-वाय प्रतलावर स्केच करा, मध्यबिंदूवर वर्तुळ, व्यासाच्या जागी आकडा न टाकता तक्त्यातलं नाव. सगळी मापं पक्की झाली की स्केच हिरवं होतं. तोवर पुढे जाऊ नका. त्याला ७ मिलिमीटरचं पॅड, म्हणजे जाडी, द्या.

खाचेचं स्केच पुन्हा त्याच एक्स-वाय प्रतलावर करा, तयार झालेल्या पृष्ठभागावर नको. नवशिक्यांची प्रतिकृती मोडते ती बहुतेक इथे. पृष्ठभागाला टांगलेलं स्केच मागचं माप बदललं की जागा सोडू शकतं. १.० आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला आहे, तरी प्रतल कधी हलत नाही, हे लक्षात ठेवा. खाच वाय अक्षावर मधोमध घ्या, तळ अरुंद, तोंड रुंद, बाहेरची रेघ कडेच्या २ मिलिमीटर पलीकडे. तळाचे कोपरे स्केचमध्येच गोल करा. त्याला खाचेच्या निम्म्या रुंदीचं, म्हणजे जवळपास ५ मिलिमीटरचं पॉकेट द्या, म्हणजे तेवढं कोरून काढा. बाहेरच्या बाजूला २ मिलिमीटरची भिंत उरते. पॉकेट उलट्या दिशेला गेलं तर 'रिव्हर्स्ड' निवडा.

मग 'पोलर पॅटर्न', म्हणजे त्याच खाचेच्या गोलाकार प्रती, आणि नगांच्या जागी तक्त्यातली खाचांची संख्या. सहा खाचा समोर दिसतील.

दांड्याचं भोक आणि चार मिलिमीटरच्या तीन स्क्रूंची भोकं शेवटी. दांडा एका बाजूने चपटा केलेला असेल तर भोकाची चपटी बाजूही वाय अक्षाला काटकोनात ठेवा, आणि पहिला स्क्रू त्याच अक्षावर. सगळं या अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखं असायला हवं. तसं नसेल तर एक अर्धा उलटा करून दुसऱ्यावर ठेवल्यावर खाचा जुळत नाहीत. हे छापून झाल्यावर कळलं की फार चिडचिड होते.

चकतीभोवतीचं घर याच फाइलमध्ये दुसरी बॉडी म्हणून काढा. त्याची आतली त्रिज्या चकतीच्या त्रिज्येपेक्षा ०.८ मिलिमीटर जास्त, तीही सूत्रानेच. फट फार मोठी ठेवली की दाण्याचं टोक तिच्यात शिरतं आणि दाणा फुटतो.

छपाई

स्वतःचा प्रिंटर नसला तरी चालतं. शहरात छापून देणारे आता सहज सापडतात. त्यांना थ्रीएमएफ फाइल द्या. एसटीएल फाइलमध्ये मापाचं एककच नसतं, त्यामुळे कधी चकती नाण्याएवढी होऊन येते. मटेरियल पीईटीजी प्लास्टिक सांगा. पीएलए हे दुसरं प्लास्टिक स्वस्त आणि सोपं असलं तरी साधारण ६० अंशांना मऊ पडतं, आणि एप्रिलमध्ये उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत चकती राहिली तर ती वाकडी होऊनच हातात येईल. भोकं प्रिंटमध्ये थोडी लहान येतात. आधी १६.२, १६.३ आणि १६.४ मिलिमीटरच्या तीन कड्या छापून १६ च्या दांड्यावर घालून बघा. खाचांच्या कडा बारीक पॉलिश पेपरने मारा.

चाचणी

यंत्र उचलून ठेवा, पेटी अर्धी भरा, चाक हाताने चालण्याच्याच वेगाने ५० फेरे फिरवा. ३०० दाणे पडायला हवेत. बरेच कमी पडले तर खाच थोडी वाढवा किंवा ब्रश सैल करा. जास्त पडले तर आधी ब्रश तपासा, खोलीला नंतर हात घाला. फुटलेले दाणे वेगळे मोजा. एका वेळी एकच माप बदला, आणि फाइल दर वेळी नव्या क्रमांकाने जतन करा.

मग रानात दहा मीटरची ओळ पेरा आणि बी मातीने झाकण्याआधी अंतरं मोजा. पेरणी यंत्रांच्या चाचणीत ठरवलेल्या अंतराच्या निम्म्याहून कमी ते दुबार आणि दीडपटीहून जास्त ती चूक धरतात. आपल्याकडे १० सेंटीमीटरच्या आतलं दुबार, ३० च्या पुढची चूक.

मक्याची चकती जमली की सोयाबीनला वळा. अंतराच्या चौकटीत ५ लिहा, बीची कमाल लांबी ८ आणि रुंदी-जाडी मोजून आलेली. क्षणात सहाच्या पंचवीस खाचा होतील. मात्र चित्र मोठं करून बघा: कडेवर दोन खाचांमध्ये जेमतेम १.८ मिलिमीटरची भिंत उरली आहे, आठवडाभरात तुटेल. व्यासाच्या चौकटीत १२० टाका. भिंत ४.३ मिलिमीटर होते, आणि सूत्र बांधलेलं असल्यामुळे घरही आपोआप मोठं होतं. ते नवं घर यंत्राच्या पट्ट्यांत मावतंय का, ते मात्र टेप घेऊन उठल्याशिवाय कळणार नाही.