लंडन ते अथेन्स: विमानाचे अंतर आणि प्रवासाचा वेळ स्वतः कसा काढावा

तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी केली की उड्डाणाचा वेळ मिळतो, असे अनेकांना वाटते. लंडन-अथेन्स मार्गावर ही वजाबाकी हमखास चुकते, कारण दोन्ही शहरांच्या घड्याळांत २ तासांचा फरक आहे. पुढची रीत युरोपातल्या कोणत्याही दोन शहरांना लावता येते.

१. आधी विमानतळ ठरवा. अंतर मोजायचे ते विमानतळांमधले. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. इथे हीथ्रो धरू: ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम. अथेन्सचा विमानतळ: ३७.९४ उत्तर, २३.९४ पूर्व.

२. अंतर काढा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.४८१०. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनच्या गुणाकाराला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा: ०.४४७४. बेरीज ०.९२८४. तिचा व्यस्त कोसाइन घेतला की कोन येतो साधारण २१.८ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, म्हणजे अंतर सुमारे २,४२५ किलोमीटर.

पश्चिम रेखांश उणे धरायचा असतो, म्हणून फरक २४.३९ अंश येतो. चिन्ह विसरून २३.४९ धरलात तर उत्तर पन्नासेक किलोमीटरने कमी येईल, आणि ते इतके पटण्यासारखे दिसते की चूक लक्षातही येत नाही. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजण्याचे दुसरे एकक) राहिला असेल तर मात्र आकडा भलताच येतो.

३. वेळ काढा. या मार्गावरची जेट विमाने उंचीवर ताशी सुमारे ८५० किलोमीटरने जातात. २,४२५ भागिले ८५० म्हणजे २ तास ५१ मिनिटे. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण आणि मार्गातली वळणे यांसाठी ४५ ते ५० मिनिटे मिळवा. सुमारे पावणेचार तास होतात.

आता वारा. या अक्षांशांवर उंचीवरचे वारे बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतात. ताशी ५० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर मधला टप्पा २ तास ४२ मिनिटांत संपतो. तोच समोरून आला तर ३ तास २ मिनिटे लागतात. शिवाय हीथ्रोवर गर्दी असली की उतरण्याआधी विमानाला घिरट्या घालाव्या लागतात. म्हणून परतीला चार तास धरणेच शहाणपणाचे.

४. घड्याळ जुळवा. अथेन्स लंडनच्या २ तास पुढे. उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे करण्याची पद्धत) दोन्हीकडे एकाच क्षणी बदलते, त्यामुळे हा फरक वर्षभर टिकतो. लंडनहून सकाळी १० ला निघालेले, पावणेचार तास उडालेले विमान अथेन्सला दुपारी ३:४५ ला पोहोचेल. परतीचे ४:४५ ला निघाले तर लंडनला संध्याकाळी ६:४५. वजाबाकी करणाऱ्याला जाताना ५ तास ४५ मिनिटे आणि येताना फक्त २ तास दिसतात!

५. दारापासून दारापर्यंतचा वेळ धरा. विमानतळावर किमान दोन तास आधी पोहोचा. अथेन्सला विमानतळावरून शहराच्या मध्यातल्या सिंतग्मा चौकापर्यंत मेट्रोने सुमारे ४० मिनिटे लागतात. ग्रीस शेंगेन क्षेत्रात (आपसांतल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, ब्रिटन नाही. त्यामुळे उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची रांग असतेच. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्यांना ब्रिटनचा व्हिसा ग्रीसमध्ये चालत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. एवढे सगळे धरले की पावणेचार तासांच्या उड्डाणाला सात-आठ तास सहज जातात, आणि त्यात दोन तास पुढे गेलेले घड्याळ. त्या दिवशी अथेन्समध्ये दुसरे काही ठरवू नका.